खंडी, ठोका आणि बिट

मार्च १८७० मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें जलंब ते खामगांव हा अवघा आठ मैलांचा लोहमार्ग खुला झाला. मुंबईहून नागपूरकडे जाणारा मुख्य मार्ग १८६७ मध्येंच पुरा झाला होता. परंतु तो खामगांवच्या उत्तरेनें निघून गेल्यामुळें वऱ्हाडांतील कापसाची सर्वांत मोठी पेठ आठ मैलांनीं आडबाजूस राहिली होती. तें व्यंग या फांट्यानें दूर झालें. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत मुंबईपासून एडन व सुएझ या वाटेनें इंग्लंडकडे जाणारी समुद्रतळाची तार चालूं झाली. त्यापूर्वीं, १८६५ पासून, इराणी आखाताच्या वाटेनें तारा जात असत खऱ्या. पण वाटेंत ठिकठिकाणीं परक्या तारमास्तरांच्या हातून उतरतां चढतां त्यांतील शब्द ओळखूं येईनासे होत आणि दिवसहि मोडत. १८७० नंतर लिव्हरपूलचा भाव खामगांवच्या अडत्यास आठवड्यांच्या नव्हे, तर तासांच्या हिशेबानें कळूं लागला.

खामगांव त्या वेळीं अकोला जिल्ह्यांत होतें. १९०५ च्या फेररचनेंत खामगांव व जळगांव हे तालुके बुलढाणा जिल्ह्यास जोडले गेले, आणि तेव्हांपासून ही पेठ आमच्या जिल्ह्याची झाली. तिचा इतिहास लिहितांना लोहमार्गाचें, गांठी दाबणाऱ्या प्रेसांचें व अमेरिकन यादवी युद्धामुळें आलेल्या तेजीचें वर्णन सगळेच करतात. तारेचा उल्लेख एका वाक्यांत उरकतात. वस्तुतः त्या तारेनें एक असा प्रश्न वऱ्हाडांत आणला, जो आज घरोघरीं पोंचला आहे: बातमी किती वेगानें येते, तें कोणत्या मापानें सांगावयाचें, आणि एका मापांतून दुसऱ्यांत जातांना मधल्या मधें कोणाचें नुकसान होतें?

हल्लीं प्रत्येक कुटुंबांत महिन्याचें एक बिल येतें. त्यावर 'स्पीड' म्हणून एक आकडा असतो व त्यापुढें दोन-तीन अक्षरें असतात. आकडा सर्वांच्या लक्षांत राहतो, अक्षरें कोणाच्याहि नाहींत. आमच्या मतें इतिहासाचा खरा धागा त्या अक्षरांत आहे, आणि तो उलगडण्यास खामगांवच्या अडत्यापासूनच आरंभ करणें सोयीचें आहे. कारण परिमाणांचें रूपांतर करण्यांत तो मनुष्य आपल्या आजच्या पदवीधरांपेक्षां अधिक सावध होता.

त्याची अडचण पाहा. लिव्हरपूलचा भाव पौंड वजनास अमुक पेन्स असा येई. मुंबईचा भाव खंडीस अमुक रुपये असा. आतां खंडी म्हणजे किती? मुंबईचा मण अठ्ठावीस पौंडांचा. सामान्य खंडी वीस मणांची, म्हणजे ५६० पौंडांची. पण कापसाची खंडी अठ्ठावीस मणांची, म्हणजे ७८४ पौंडांची! नांव एकच, आणि वजनांत पावणेदोनशेंहून नव्हे, सव्वादोनशें पौंडांचा फरक. त्यांत भर म्हणजे लोहमार्गावरील मण निराळा. तो चाळीस शेरांचा, सुमारें ८२ पौंडांचा. म्हणजे 'मण' हा शब्द उच्चारल्याबरोबर 'कोणता मण?' आणि 'खंडी' म्हटल्याबरोबर 'कशाची खंडी?' असें विचारणें क्रमप्राप्त होतें. जो विचारीत नसे त्याचें दुकान फार दिवस चालत नसे.

एकदां ही खंडी पक्की झाली कीं पुढील हिशेब मात्र मोठा सुरेख होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे सोळा पेन्सांवर स्थिर झाला. ७८४ ला १६ नें भागलें कीं बरोबर ४९ येतात. म्हणजे लिव्हरपूलला पौंडामागें एक पेनी चढली कीं, भाडें व विमा बाजूस ठेवून, खंडीमागें एकूणपन्नास रुपये चढले. सहा पेन्सांची रुई म्हणजे २९४ रुपयांची खंडी. १९२७ मध्यें रुपया अठरा पेन्सांचा ठरविला गेला तेव्हां हा सोपा गुणक मोडला व त्रेचाळीस रुपये आणि वर कांहीं आणे असें अवघड रूप आलें. त्या वेळीं रुपयाच्या भावावरून देशांत जो वाद माजला तो आमच्या विषयाबाहेरचा आहे.

येथवर मालाचें माप झालें. आतां बातमीचें.

तारेचा पहिला हिशेब शब्दांनीं होत असे, आणि तो वेगाचा नसून पैशांचा होता. १८६५ मध्यें हिंदुस्थानांतून विलायतेस तार पाठवावयाची तर वीस शब्दांस सुमारें पांच पौंड पडत, आणि तुम्हांस चारच शब्द पाठवावयाचे असले तरी वीसांचें मोल द्यावें लागे. (अलीकडच्या काळीं ट्रंक टेलिफोनवर तीन मिनिटांचा जो किमान आकार असे, तो याच कुळांतला.) पुढें दर शब्दामागें आकार सुरू झाला. परंतु शब्द हें माप ठरतांच व्यापारी मंडळीनें त्या मापालाच फुगविण्याचा उद्योग आरंभिला. एकेका शब्दास एकेक आख्खें वाक्य बांधून दिलेले संकेतकोश तयार झाले. 'बाजार मंद आहे, पुढील हुकूम येईपर्यंत खरेदी थांबवा' एवढा मजकूर एका निरर्थक दिसणाऱ्या शब्दांत बसूं लागला. मग आंतरराष्ट्रीय तार-नियमांनीं सांकेतिक शब्दास दहा अक्षरांची मर्यादा घातली. त्यावर १९०६ च्या बेंटलेच्या कोशानें पांच पांच अक्षरांचे संकेत छापले, अशासाठीं कीं दोन संकेत एकास एक चिकटवून दहा अक्षरांचा एकच शब्द म्हणून पाठवितां यावे. तारखात्यानें नियम करावा आणि व्यापाऱ्यानें त्यांतून वाट काढावी, असा हा पन्नास वर्षांचा खेळ आहे. शब्द म्हणजे काय, हें व्याकरणकारांनीं ठरविण्याऐवजीं जकातीच्या नाक्यावर ठरलें, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

तारमास्तराचें माप मात्र निराळें होतें. त्याच्या कानांत शब्द नसून ठोके होते. मोर्सच्या लिपींत ठिपक्याला एक मात्रा, रेघेला तीन. एका अक्षराच्या दोन खुणांमध्यें एक मात्रा मोकळी, दोन अक्षरांमध्यें तीन, दोन शब्दांमध्यें सात. आमच्या छंदःशास्त्राची सवय असलेल्या वाचकास हें गणित मुळींच परकें वाटणार नाहीं. लघु-गुरूंचाच हा प्रकार, फक्त गुरु दोनाऐवजीं तीन मात्रांचा. सर्व शब्द सारख्या लांबीचे नसतात म्हणून 'पॅरिस' हा नमुन्याचा शब्द धरला गेला. मागच्या मोकळ्या जागेसह त्याच्या इंग्रजी लेखनांत बरोबर पन्नास मात्रा भरतात. तेव्हां मिनिटास चोवीस शब्द पाठविणारा कुशल तारमास्तर मिनिटास बाराशें, म्हणजे सेकंदास वीस मात्रा पाठवितो. शब्दांतून मात्रांत जाण्याचें हें पहिलें शुद्ध रूपांतर.

येथें वेग या शब्दाच्या पोटांत दडलेले दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. तार किती वेळांत पोंचते हा एक, आणि पोंचूं लागल्यावर सेकंदास किती मजकूर येतो हा दुसरा. १८५८ मध्यें अटलांटिक महासागराच्या तळाशीं पहिली तार पडली, तेव्हां व्हिक्टोरिया राणीचा अठ्ठ्याण्णव शब्दांचा निरोप पलीकडे जाण्यास सुमारें सोळा तास लागले. विजेला समुद्र ओलांडावयास सोळा तास लागले असें नव्हे. एकामागून एक ठोके सोडतांना पहिल्याचा पसारा दुसऱ्यांत मिसळे, म्हणून ते फार दूर दूर सोडावे लागत. तासाला सहा शब्द! तीच वाट १८६६ च्या नव्या तारेनें मिनिटाला आठ शब्दांवर आली. उलट पक्षीं, बुलढाण्याहून मुंबईस निघालेल्या एस. टी. च्या गाडींत कोणी एक टेराबाइटची डबी ठेवून दिली व ती बारा तासांत पोंचली, तर हिशेबानें तो वेग सेकंदास एकशें पंचाऐशीं मेगाबिट भरतो! घरच्या बहुतेक जोडण्यांहून गाडी शीघ्र. पण पहिलें अक्षर वाचावयास बारा तास थांबण्याची तयारी हवी. मोठमोठ्या संस्था आजहि मजकुराच्या राशी अशाच पेट्यांत घालून पाठवितात, तें कांहीं वेडेपणानें नव्हे.

आतां ज्या मनुष्याच्या नांवानें या मापास नांव मिळालें त्याच्याकडे वळूं. फ्रान्सच्या तारखात्यांतील एमील बोदो यानें १८७४ मध्यें आपल्या यंत्राचा हक्क नोंदविला. मोर्सच्या लिपींत अक्षरें आंखूड-लांब. बोदोनें प्रत्येक अक्षरास पांचच समान ठोके दिले. प्रत्येक ठोका 'आहे' किंवा 'नाहीं'. पांच वेळां दोनाचा गुणाकार केला कीं बत्तीस रूपें मिळतात. रोमन लिपीची सव्वीस अक्षरें त्यांत बसतात आणि थोडी जागा उरते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत सेकंदास एक ठोका या वेगास त्याच्या स्मरणार्थ 'बॉड' असें नांव देण्यांत आलें. ज्या छापणाऱ्या तारयंत्रास आपण टेलिप्रिंटर म्हणत असूं व ज्याची खडखड वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत अनेकांनीं ऐकली असेल, तें पन्नास बॉडनें चाले. त्यांत अक्षराचे पांच ठोके, आरंभाची खूण म्हणून एक व शेवटची विश्रांति म्हणून दीड, असे साडेसात ठोके दर अक्षरास खर्च होत. पन्नासांस साडेसातांनीं भागा, साठांनीं गुणा: मिनिटास चारशें अक्षरें. मोकळ्या जागेसह शब्दास सहा अक्षरें धरलीं कीं ६६⅔ शब्द.

वाचकांनीं या साडेसाताकडे जरा बारकाईनें पाहावें. साडेसातांतले पांचच ठोके मजकुराचे. उरलेले अडीच ठोके म्हणजे पोत्याचें वजन. म्हणजे दर तीन भागांतील एक भाग वाटखर्चींत गेला. कापसाच्या बाजारांत गांठीचें वजन करतांना तागाचें कापड व लोखंडी पट्ट्या वजा करण्याची चाल आहे. विकणारा व घेणारा दोघेहि ती जाणतात. तारेच्या मापांत ही वजावट प्रथमपासून होती आणि आजहि आहे. पण सामान्य गिऱ्हाइकास ती कोणी सांगितली नाहीं.

ठोका आणि मजकूर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें तत्त्व म्हणून मांडण्यास आणखी कांहीं वर्षें जावीं लागलीं. १९२४ मध्यें नायक्विस्ट यानें तारेच्या वेगाच्या मर्यादांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९२८ मध्यें हार्टले यानें मजकुराचें माप त्याच्या अर्थावर नव्हे तर संभाव्य पर्यायांच्या संख्येवर अवलंबून असल्याचें दाखविलें. आणि १९४८ मध्यें क्लॉड शॅनन याच्या सुप्रसिद्ध निबंधानें तें शास्त्र पायावर उभें केलें. दोहोंपैकीं एक निवडण्याइतका जो मजकूर, त्यास त्यानें 'बिट' म्हटलें. हा शब्द जॉन ट्यूकी यानें सुचविल्याचें तो स्वतःच सांगतो.

बोदोच्या यंत्रांत एका ठोक्यांत एकच बिट जाई, म्हणून बॉड व बिट यांचे आंकडे सारखेच येत आणि दोन शब्द समानार्थी मानले गेले. १९६२ च्या सुमाराचा टेलिफोनच्या तारेवरचा मोडेम सेकंदास तीनशें ठोके व तीनशेंच बिट पाठवी. पुढें युक्ति निघाली. ठोका नुसता 'आहे-नाहीं' असा न ठेवतां त्याच्या सोळा छटा केल्या, तर एका ठोक्यांत चार बिट मावतात. १९८० नंतरच्या दशकांतला २४०० बिटांचा मोडेम वास्तविक सहाशेंच बॉडचा होता. तरी दुकानांत त्यास '२४०० बॉड' असेंच म्हणत. ज्याच्या नांवानें माप, त्याच्याच मापाची ही अशी भेसळ झाली. आमच्या महाविद्यालयांतहि शिकलेसवरलेले लोक कित्येक वर्षें हेंच बोलत असत.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. घरच्या टेलिफोनवरून तेव्हां सेकंदास ९६०० बिट मिळत. दर अक्षराचे आठ बिट व आरंभ-शेवटाचे दोन मिळून दहा, म्हणून ९६० अक्षरें. त्या पिढींतील मंडळी अजून वेगास दहांनीं भागून अक्षरें काढतात. तो भागाकार बोदोच्या साडेसाताचाच नातू आहे. आजच्या जोडणींत आरंभ-शेवटाच्या त्या दोन खुणा उरलेल्या नाहींत, निराळी वाटखर्ची मात्र आहेच. पण निव्वळ रूपांतर आठांनीं भागूनच करावें लागतें.

आठांचें हें प्रकरण सांगितलेंच पाहिजे, कारण सर्वांत अधिक गोंधळ येथेंच होतो. १९५६ मध्यें अमेरिकेंतील आय. बी. एम. मध्यें वेर्नर बुखहोल्ट्स यानें बिटांच्या लहानशा गटास 'बाइट' हें नांव दिलें. गट किती बिटांचा, हें प्रथम ठरलेलें नव्हतें; १९६४ च्या संगणकांपासून तो आठांचा रूढ झाला. याप्रमाणें दोन घराणीं झालीं. तारेचें व टेलिफोनचें घराणें ठोके मोजीत आलें, म्हणून तें बिटांत बोलतें. संगणकाचें घराणें सांठविलेलीं अक्षरें मोजीत आलें, म्हणून तें बाइटांत बोलतें. जोडणी पहिल्या घराण्याकडून विकत घ्यावयाची आणि फाइल दुसऱ्या घराण्याच्या पडद्यावर उतरतांना पाहावयाची, अशी आपली स्थिति आहे.

आमचा एक भाचा मेहकर तालुक्यांत राहतो. त्यानें घरीं 'शंभर एमबी'ची जोडणी घेतली आणि महिन्याभरानें गाऱ्हाणें घेऊन आला. "मामा, पैसे शंभराचे घेतात आणि पडद्यावरचा आकडा बाराच्या वर जात नाहीं." आम्हीं त्यास शंभरास आठांनीं भागावयास सांगितलें. साडेबारा आले. तो म्हणाला, "मग त्यांनीं साडेबाराच कां नाहीं सांगितलें?" या प्रश्नास उत्तर देणें भागाकाराइतकें सोपें नाहीं. जोडणी देणाऱ्यानें खोटें कांहींच सांगितलें नव्हतें. त्यानें वीस मणांची कीं अठ्ठावीस मणांची एवढेंच मोघम ठेवलें होतें.

इंग्रजींत या दोहोंचा भेद लिहून दाखवितां येतो. लहान 'बी' म्हणजे बिट व मोठा 'बी' म्हणजे बाइट, असा संकेत आहे. तो नाजूक आहे, छापतांना नेहमीं चुकतो. पण निदान आहे. देवनागरींत लहान-मोठीं अक्षरें नाहींत. 'एमबी' म्हणून लिहिलें कीं मेगाबिटहि तोच आणि मेगाबाइटहि तोच. मराठी जाहिरात, मराठी फलक, ग्रामपंचायतीचा मराठी ठराव, यांत आठपट अंतर असलेल्या दोन वस्तु एकाच अक्षरजोडीखालीं नांदतात. २०११ मध्यें मंजूर झालेल्या व पुढें भारतनेट या नांवानें ओळखल्या गेलेल्या योजनेचें उद्दिष्ट दर ग्रामपंचायतीपर्यंत सेकंदास शंभर मेगाबिट नेण्याचें आहे. शाळा, दवाखाना व कचेरी यांनीं तो प्रवाह वाटून घ्यावयाचा आहे. तेथें कोणी 'शंभर एमबी' हे बाइट समजून हिशेब केला, तर दहा जागीं पुरेल असें वाटलेलें पाणी सव्वा जागींच पुरतें.

बिट-बाइटाच्या जोडीस आणखी एक दुहेरी खंडी आहे, ती 'किलो'ची. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळांत, १७९५ मध्यें, किलो म्हणजे हजार असें ठरलें. संगणकाची स्मृति दोनाच्या पटींनीं वाढते. दहा वेळां दोनाचा गुणाकार १०२४ होतो. तो हजाराच्या इतका जवळ कीं त्यासहि किलोच म्हणूं लागले. किलोस हा फरक शेंकडा २.४ आहे, मेगास ४.९, गिगास ७.४ आणि टेरास जवळजवळ दहा. 'एक टेराबाइट' म्हणून घेतलेली डबी संगणकास जोडली कीं ९३१ गिगाबाइट दिसते, ती याच कारणानें. डबी विकणारा हजारांनीं मोजतो व यंत्र १०२४ नीं. जुन्या लवचिक तबकडीवर १.४४ मेगाबाइट लिहिलेलें असे. तेथील मेगा तर हजार गुणिलें १०२४ असा होता, म्हणजे धड इकडचा ना तिकडचा. ही अंदाधुंदी मोडण्यासाठीं आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तंत्र आयोगानें १९९८ मध्यें १०२४ च्या पटींस 'किबि', 'मेबि' अशीं स्वतंत्र नांवें दिलीं. शास्त्रीय लेखनांत तीं दिसतात. बाजारांत अद्याप रुळलीं नाहींत.

टेलिफोनच्या घराण्यानें मात्र या बाबतींत कधीं घोळ केला नाहीं, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. मनुष्याचा आवाज सेकंदांतून आठ हजार वेळां मोजावा व दर मोजणीस आठ बिट द्यावे, म्हणजे ६४,००० बिट; त्याचे ते चौसष्ट किलोबिट, हजाराच्या हिशेबानें. अशा बत्तीस वाटा एकत्र केल्या कीं २०४८ किलोबिट होतात, व भारतांत तीच पद्धत स्वीकारली गेली. २०४८ हा आकडा पाहून हा दोनाच्या पटींचा मेगा असावा असें अनेकांस वाटतें. तसें नाहीं, तेथेंहि किलो हजाराचाच आहे.

सरकारी व्याख्याहि याच हजाराच्या बिटांत आहेत. २००४ च्या धोरणांत सेकंदास २५६ किलोबिट मिळाले कीं त्यास ब्रॉडबँड म्हणावें असें ठरलें. २०१३ मध्यें ही मर्यादा ५१२ किलोबिटांवर व २०२३ मध्यें दोन मेगाबिटांवर नेण्यांत आली. २५६ किलोबिट म्हणजे बत्तीस हजार बाइट, आणि दोन मेगाबिट म्हणजे अडीच लाख बाइट. त्यांत अक्षरें किती? येथें आमच्या भाषेचा प्रश्न उभा राहतो.

युनिकोडच्या रूढ यूटीएफ-८ लेखनपद्धतींत साध्या रोमन अक्षरास एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हास तीन. काना, मात्रा व अनुस्वार हेहि स्वतंत्र धरले जातात. त्यामुळें 'खामगांवाहून' या शब्दाचीं चिन्हें अकरा व बाइट तेहेतीस होतात. इंग्रजींत हाच अर्थ दोन शब्दांत, मोकळ्या जागेसह तेरा बाइटांत, उरकतो. आतां गंमत अशी कीं, तारेच्या काळांत शब्दामागें आकार होता तेव्हां हाच व्यवहार उलट होता. आमची भाषा विभक्तीचे प्रत्यय शब्दासच चिकटविते. रोमन अक्षरांत लिहून पाठविलेला 'खामगांवाहून' हा एकच शब्द मोजला जाई, आणि इंग्रजीस दोन शब्दांचे पैसे पडत. शब्दाचें माप मराठीस मानवणारें होतें. बाइटाचें माप नाहीं. त्या मापाचा पाया घालणाऱ्यांनीं आमच्याविषयीं कांहीं दुष्ट हेतु बाळगला होता असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. त्यांच्या नजरेसमोर सव्वीस अक्षरें होतीं, जशीं बोदोच्याहि होतीं.

हा भार सर्वत्र सारखा जाणवत नाहीं, हेंहि खरें. चित्रें व चलच्चित्रें यांचे बाइट कोणत्याहि भाषेंत तेवढेच, आणि आजच्या वाहतुकीचा बहुतेक भाग त्यांचा आहे. शिवाय मजकूर वाटेंत दाबून लहान करण्याच्या युक्त्या आहेत, बेंटलेच्या कोशासारख्याच. परंतु मोबाइलच्या साध्या संदेशांत तो उघड दिसतो. संदेशाची पेटी १४० बाइटांची. सात सात बिटांचीं रोमन अक्षरें घातलीं तर १६० मावतात; देवनागरीस दर चिन्हामागें सोळा बिट लागतात, म्हणून सत्तरच. बाजारसमितीनें शेतकऱ्यास कापसाचा भाव मराठींत कळवावयाचा म्हटलें कीं एकाचे दोन-तीन संदेश होतात व त्यांचें मोलहि तेवढेंच वाढतें. मग कोणी हिशेबी मनुष्य मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहून पाठवितो. ही सवय एकदां लागली कीं सुटत नाहीं; आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतील ऱ्हस्व-दीर्घाची दशा आम्हांस रोज तेंच सांगते.

१४ जुलै १९१३ नव्हे, २०१३ च्या रात्रीं भारतांतली तारसेवा बंद झाली. दीडशें वर्षांहून अधिक चाललेलें शब्दाचें माप त्या दिवशीं संपलें. खंडी मात्र संपली नाहीं. १ एप्रिल १९६२ पासून दशमान वजनेंच कायदेशीर झालीं, कापूस क्विंटलवर विकला जाऊं लागला; तरी रुईचा भाव देशभर अजून खंडीवरच बोलला जातो, आणि ती खंडी ३५६ किलोची, म्हणजे तीच जुनी ७८४ पौंडांची आहे. तिच्या करारांत 'खंडी' या शब्दापुढें किलोंचा आकडा लिहिलेला असतो. आम्ही वर्गांत 'एमबी' हीं अक्षरें लिहूं देत नाहीं; मेगाबिट किंवा मेगाबाइट असें पूर्ण लिहावयास लावतों. मुलें प्रथम हंसतात, आणि मग पहिल्याच उदाहरणांत शेजारच्याचें उत्तर आपल्याहून आठपट कां आलें तें शोधूं लागतात.